कोकण रेल्वेची मालवाहतूक: ट्रकमालकाला उपयोग किती, पोरांना नोकरी कुठे

प्रश्न कुडाळकडच्या एका ट्रकमालकांचा आहे. थोडक्यात असा: "माझे तीन ट्रक आहेत. भिवंडी-वापीहून गोव्याला माल नेतो, परतताना मिळेल तो भरतो. धाकट्या भावाचा काजूचा कारखाना आहे. कोकण रेल्वेच्या मालवाहतुकीचा आम्हाला काही उपयोग होईल का? दुसरं म्हणजे, मुलगा बीकॉम झालाय आणि पुतणीने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय. आमची जमीन रेल्वेसाठी गेलेली आहे. या दोघांना तिथे नोकरीची संधी कितपत आहे?"

मी ऑपरेटिंगमधला माणूस. आधी स्टेशन मास्तर, मग ट्रॅफिक इन्स्पेक्टर, आता घरी. त्यामुळे दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी एकाच जागेवरून देतो: कोकण रेल्वेवरून जो माल धावतो त्यातला बराचसा कोकणाचा नसतोच. तो कोकणातून नुसता पुढे जातो. हे एकदा ध्यानात घेतलं की मालधक्का रिकामा का दिसतो, आणि भरतीच्या जाहिरातीत क्लार्कपेक्षा पॉइंट्समन, म्हणजे स्टेशनवर गाड्या सुखरूप घेणारी-सोडणारी माणसं, का जास्त असतात, हे दोन्ही कळतं.

आपल्याकडे कोकण रेल्वे म्हटलं की गणपतीचं रिझर्व्हेशन आठवतं. पण मार्ग आखला गेला तो मालगाड्याही डोळ्यापुढे ठेवून. कॉर्पोरेशन १९९० मध्ये स्थापन झालं, श्रीधरन साहेब पहिले प्रमुख, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सलग मार्ग सुरू झाला, साधारण ७४० किलोमीटरचा. त्याआधी मुंबईहून मंगळूरला रेल्वेने जायचं तर २,०४१ किलोमीटरचा वळसा होता. तो ९१४ वर आला. चढ १५० ला १ पेक्षा जास्त नाही. म्हणजे १५० मीटर पुढे गेल्यावर फार तर एक मीटर वर. सह्याद्रीच्या कुशीतून जाणारी लाइन एवढी सपाट ठेवायची म्हणून ९० च्या वर बोगदे खणावे लागले, त्यातला करबुडेचा एकटा साडेसहा किलोमीटरचा आहे. खंडाळ्याच्या घाटात किंवा कुळे ते कॅसलरॉक या घाटात चढ ३७ ला १ असा आहे. तिथे भरलेल्या मालगाडीला जास्तीची बँकर इंजिनं लावावी लागतात. आपल्याकडे एक वॅग-९ जातीचं विजेचं इंजिन भरलेला रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, ओढून नेतं. उत्तरेचं धान्य केरळकडे, मंगळूरच्या बाजूची पेट्रोलियम उत्पादनं, कंटेनर, बंदरातून वीज प्रकल्पाकडे जाणारा कोळसा हा सगळा माल या लाइनकडे येतो तो यासाठी. रोह्याला मध्य रेल्वेकडून गाडी घ्यायची आणि ठोकूरला दक्षिण रेल्वेच्या हवाली करायची. मडगावच्या बाजूला दक्षिण पश्चिम रेल्वेशी देवाणघेवाण.

आता तुमचे ट्रक. तुमच्या कामाची खरी सेवा एकच, ती म्हणजे रोरो. भरलेला ट्रक जसाच्या तसा सपाट वॅगनवर चढवायचा. २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा अशी ती सुरू झाली, २००४ मध्ये सुरतकलपर्यंत वाढवली. भारतात हा प्रयोग व्यापारी पातळीवर पहिल्यांदा टिकला तो इथेच, आणि अजून चालू आहे.

कोलाडला चढवण्याची पद्धत एकदा जाऊन बघून या. आधी वजनकाट्यावर वजन, कारण भाडं वजनाच्या टप्प्याप्रमाणे लागतं. मग उंचीची चौकट. ताडपत्री फुगलेली असेल, वर दोरखंडाची गाठ उभी राहिली असेल तर चौकटीला लागते आणि ड्रायव्हरला बाजूला घेऊन माल पुन्हा बांधावा लागतो. लाइनचं पूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये झालं. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे, तेव्हा उंचीच्या बाबतीत कुणी दयामाया दाखवत नाही आणि दाखवूही नये. उंची पास झाली की उतारावरून पहिला ट्रक पहिल्या वॅगनवर जातो आणि तसाच एका वॅगनवरून दुसऱ्यावर, मधल्या लोखंडी पट्ट्या ओलांडत थेट पुढच्या टोकापर्यंत चालवत नेतात. रुंदी बेताची असते. नवखा ड्रायव्हर आरशातून सारखा खाली बघत राहतो, जुना समोर बघून दुसऱ्या गिअरमध्ये संथ जातो. चाकांपुढे-मागे लाकडी ओंडके ठोकायचे, साखळ्या आवळायच्या, हँडब्रेक ओढायचा. ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच राहतात. आपल्या पोरांना दोन गोष्टी बजावून पाठवा: गाडी कुठेही थांबली तरी टपावर किंवा मालावर चढायचं नाही, आणि केबिनमध्ये स्टोव्ह पेटवायचा नाही. तार न शिवताही माणूस जळतो.

परवडण्याचा हिशेब असा मांडा. कोलाड ते वेर्णा चारशेच्या वर किलोमीटर. भरलेला दहाचाकी लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं तर शंभर-एकशेदहा लिटर डिझेल वाचलं. त्यात टोल, टायरची झीज, ब्रेक लायनर, ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, पोलिस-आरटीओचा ताप मिळवा. समोरच्या बाजूला रोरोचं त्या दिवशीचं भाडं आणि थांबण्याचे तास ठेवा. खरा घोळ या तासांचा असतो. रेक भरायला वेळ लागतो, आणि सुटल्यावरही ही मालगाडीच असते, मागून आलेल्या एक्स्प्रेसला वाट देत जाते. तुमचा माल "उद्या सकाळी दहाला दुकानात" असा असेल तर रोरोच्या वाटेला जाऊ नका. फरशी, सिमेंट, लोखंड, मशिनरी, प्लॅस्टिकचा दाणा, म्हणजे दिवस इकडचा तिकडे झाला तरी चालतं असा माल असेल तर जरूर बघा. ई-वे बिलाची मुदत मात्र थांबण्याचे तास धरून तपासा. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि वेर्णाला उतरल्यावर मुदत संपलेली निघाली तर वाचवलेलं डिझेल दंडात जातं.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तुमचं बिऱ्हाड कुडाळला आणि ट्रक उतरणार वेर्णाला. गोव्याचा माल गोव्यात उतरवून तुम्ही रिकामे घरी येणार किंवा तिथून भाडं शोधणार. ज्या फेरीत अर्धा माल कणकवली-कुडाळला टाकायचा असतो, त्या फेरीला रोरो निरुपयोगी. मला विचाराल तर रोरोचा फायदा कोलाड-वेर्ण्यापेक्षा कोलाड-सुरतकल अशा लांब पल्ल्याला जास्त. आणि दुसरं, महामार्ग जसजसा पुरा होत चाललाय, कशेडीच्या बोगद्याने घाटाचा वळसा वाचवलाय, तसतशी रोरोची जुनी धार थोडी कमी होणार. ज्या काळात पेण ते इंदापूर म्हणजे खड्ड्यांचं प्रदर्शन होतं, त्या काळातला हिशेब आज तसाच लावू नका. पावसाळ्यात तो पुन्हा बदलतो हेही खरं.

२०२५ च्या गणपतीत खासगी मोटारींसाठीही रोरो चालवली. गाडीमागे ₹७,८७५ आणि माणसांचं तिकीट वेगळं, मध्ये नांदगावला थांबा. मालवाहतूकदाराला त्याचा उपयोग नाही, पण लोक विचारतात म्हणून सांगितलं.

पूर्ण रेकची गोष्ट वेगळी. झाकलेल्या वॅगनचा आजचा मोठा रेक ५८ वॅगनचा असतो आणि त्यात साडेतीन हजार टनांच्या वर माल मावतो. तुमच्या दहाचाकीच्या दोनशेच्या आसपास फेऱ्या झाल्या की हो! एवढा माल एका वेळी, एका ठिकाणाहून, एका ठिकाणी पाठवणारा व्यापारी सिंधुदुर्गात किती जण आहेत, बोटं मोडून सांगा. छोट्या ग्राहकासाठी मिनी रेकची सोय रेल्वेने ठेवली आहे, तरी तोही वीसेक वॅगनचा. म्हणून रत्नागिरीसारख्या आपल्या धक्क्यांवर सिमेंट, खत, धान्य असा माल उतरतो जास्त आणि चढतो कमी. आलेले डबे रिकामे परत जातात. रिकाम्या डब्याचा खर्च शेवटी कुणाच्या तरी भाड्यात येतोच. शिवाय या मार्गावर भाडं आकारताना प्रत्यक्षापेक्षा वाढीव अंतर धरतात. बोगदे-पुलांचा खर्च असा वसूल होतो.

पण तुमची संधी नेमकी इथेच आहे, आणि तुम्ही ती विचारलीच नाहीत. रेक लागला की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या मोकळ्या वेळेत माल खाली झाला नाही तर डेमरेज, म्हणजे डबे अडकवल्याचा दंड, त्याचा मूळ दर वॅगनमागे तासाला ₹१५०. ५८ वॅगनचे तासाला ₹८,७०० झाले. माल धक्क्यावर पडून राहिला तर वर व्हारफेज, म्हणजे जागा अडवल्याचा आकार, वेगळा. त्यामुळे सिमेंट-खताच्या कंपनीचा हँडलिंग ठेकेदार रात्री दोनलाही ट्रक शोधत असतो. धक्का ते गोदाम, अंतर तीस-चाळीस किलोमीटर, दिवसाला दोन-तीन फेऱ्या, पैसे कंपनीकडून. तीन ट्रकवाल्याने भिवंडीच्या भाड्यामागे धावण्यापेक्षा दोन ट्रक लांब पल्ल्याला आणि एक धक्क्याच्या कामाला असं करून बघावं. ठेकेदाराला एवढंच हवं असतं की फोन केल्यावर ट्रक येतो आणि हमाल-माथाड्यांशी ड्रायव्हर भांडत नाही. पैसे उशिरा मिळतात ही तक्रार सगळीकडे ऐकू येईल. करारात दिवस लिहून घ्या.

भावाच्या काजूचं थोडक्यात. काजूगराचे डबे वजनाने हलके, किमतीने भारी. एक्स्प्रेस गाडीच्या पार्सल डब्यातून जाऊ शकतात, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला पन्नास-शंभर डबे पाठवायचे असतील तर हा मार्ग चांगला. मात्र गाडी ज्या स्टेशनवर दोन मिनिटं थांबते तिथे पार्सल चढवणं म्हणजे जिकिरीचं काम, म्हणून पार्सलसाठी मोठं स्टेशन धरा. बाहेरून कच्ची बी कंटेनरने मागवत असतील तर गोव्यात बाळ्ळीला कॉनकॉरचं, म्हणजे रेल्वेच्या कंटेनर कंपनीचं, टर्मिनल आहे, तिथे जाऊन चौकशी करावी. एका कंटेनरसाठी रेल्वे स्वस्त पडेलच असं नाही. वर्षाला पंधरा-वीस असतील तर बोलणी होतात.

आता पोरांचं.

आधी आकडा सांगतो, म्हणजे स्वप्न कुठल्या मापाचं शिवायचं ते कळेल. २०२४ च्या पावसाळ्याच्या शेवटी कोकण रेल्वेने १९० जागांची भरती काढली. त्यात पॉइंट्समन ६०, ट्रॅक मेंटेनर ३५, टेक्निशियन मेकॅनिकल २०, इलेक्ट्रिकल १५, सिग्नल-टेलिकॉमचे १५, असिस्टंट लोको पायलट १५, स्टेशन मास्तर १०, सीनियर सेक्शन इंजिनिअर सिव्हिल आणि इलेक्ट्रिकल मिळून १०, कमर्शियल सुपरवायझर ५ आणि गुड्स ट्रेन मॅनेजर ५. मी वर म्हटलं ते इथे दिसतं. गाड्या पुढे जाणाऱ्या, म्हणून त्या सुखरूप पुढे काढणारी माणसं जास्त हवीत. माल बुक करणारी कमी. बीकॉम झालेला मुलगा "रेल्वेत ऑफिसचं काम" मनात धरून बसला असेल तर त्याला ही यादी दाखवा.

पदवीवर त्याला तीन दारं उघडी आहेत: स्टेशन मास्तर, गुड्स ट्रेन मॅनेजर आणि कमर्शियल सुपरवायझर. कुठल्याही शाखेची पदवी चालते. मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे स्टेशन मास्तर आणि कमर्शियल सुपरवायझरला ₹३५,४००, गुड्स ट्रेन मॅनेजरला ₹२९,२००. वर महागाई भत्ता, घरभाडं. ट्रेन मॅनेजर म्हणजे पूर्वीचा गार्ड. त्याला आणि लोको पायलटला किलोमीटरप्रमाणे रनिंग भत्ता असतो, म्हणून कागदावर पगार कमी दिसला तरी हातात बरा येतो. त्या पैशाची किंमत कशाने चुकवायची तेही सांगतो.

लाइन बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर हा ४६-४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी क्रॉसिंगवर चालतं. इंदापूर, कळंबणी बुद्रुक, कडवई, खारेपाटण रोड अशी नवी स्टेशनं मध्ये घातली ती याचसाठी, दोन गाड्यांना एकमेकींना टाळायला जास्त जागा मिळावी म्हणून. राजापूर रोड-विलवडेच्या पट्ट्यातलं एखादं स्टेशन धरा, रात्रीचे दोन वाजलेत. कंट्रोल, म्हणजे सगळ्या गाड्यांची चाल ठरवणारं ऑफिस, फोनवर सांगतं, मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनला घ्या, समोरून एक्स्प्रेस येतेय आणि मागून दुसरी. स्टेशन मास्तर पॅनेलवर रूट लावतो, मालगाडी सरपटत लूप लाइनला येते. पॉइंट्समन बॅटरी घेऊन बाहेर उभा. तो शेवटच्या डब्याचा दिवा आणि "एलव्ही"ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी बघतो, म्हणजे गाडी अख्खी आली, मध्ये तुटून राहिलेली नाही याची खात्री. ती झाली की पुढचं लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या गाडीला परवानगी. मालगाडीचा मॅनेजर शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एकटा. कित्येक वर्षं त्या डब्यात धड दिवा नव्हता की संडास नव्हता. पहिली एक्स्प्रेस गेली, दुसरी गेली, आता आपण सुटू म्हणून तो बत्तीला हात घालतो तोच कंट्रोल म्हणतं, आणखी एक घेऊ. दीड तास, दोन तास. बाहेर पाऊस, फलाटावर कुत्रं. पुढे रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीगृहात, जेवण, सहा-आठ तास झोप आणि परतीची गाडी. सणवार याच्यातच येतात. गणपतीत तर रजा मागायचीच नाही, कारण त्या दिवसांत सगळ्या मुंबईला आपणच घरी पोचवायचं असतं.

हे ज्याला झेपतं त्याच्यासाठी ही उत्तम नोकरी आहे. गुड्सवरून पॅसेंजर, तिथून मेल-एक्स्प्रेस अशी बढती असते. स्टेशन मास्तरकीत पुढे कंट्रोलर, इन्स्पेक्टर. घर, मुलांचं शिक्षण, औषधपाणी, पास हे सगळं पक्कं. पण छोट्या स्टेशनवर बारा तासांची ड्यूटी असू शकते, आणि नवऱ्याची नोकरी "कोकणात" आहे म्हणून खूश झालेल्या मुली भटकळच्या पलीकडचं क्वार्टर बघून रडलेल्या मला माहीत आहेत. बदली महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक कुठेही होते. कानडी चार शब्द शिकून ठेवायला सांगा, उपयोग होतो.

पुतणीचं प्रकरण मला जास्त आशेचं वाटतं. इलेक्ट्रिशियनच्या आयटीआयवर टेक्निशियन-३ इलेक्ट्रिकलला अर्ज करता येतो आणि ट्रेड बसत असेल तर असिस्टंट लोको पायलटलाही. दोन्हींचं मूळ वेतन ₹१९,९०० पासून. विद्युतीकरण झाल्यापासून सातशे किलोमीटरच्या तारा, सबस्टेशनं, खांब सांभाळायला माणसं लागतात, आणि हे काम कमी होणारं नाही. ब्लॉक घेऊन (म्हणजे गाड्या आणि वीज बंद करून घेऊन), टॉवर वॅगन या तारांच्या कामाच्या गाडीवर चढून, तार डिस्चार्ज करून, अर्थिंग जोडून मगच हात लावायचा असं शिस्तीचं काम. मुलींना जमतं का असं विचारू नका, जमतं. लोको पायलटला अट डोळ्यांची. ए-१ वर्ग लागतो: चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६, रंगांची ओळख पक्की, आणि लेसिकचं ऑपरेशन केलेलं चालत नाही. स्टेशन मास्तर, ट्रेन मॅनेजर, पॉइंट्समन यांना ए-२. क्लासची फी भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि रंगांधळेपणाची चाचणी करून घ्या. पोरं दोन-दोन वर्षं अभ्यास करून, लेखी पास होऊन मेडिकलला बाद होतात आणि तेव्हा घरात कळतं की हिरवा-तांबडा याला नीट दिसत नव्हता. लोको पायलट आणि स्टेशन मास्तर यांना संगणकावर अ‍ॅप्टिट्यूडची वेगळी चाचणी असते, तिचा सराव वेगळा करावा लागतो.

दहावीवरच्या जागांना, म्हणजे ट्रॅक मेंटेनर आणि पॉइंट्समनला, मूळ वेतन ₹१८,०००. हल्ली बीकॉम-बीएससी झालेलेही तिथे अर्ज करतात. करू द्या, पण ट्रॅकचं काम काय असतं ते आधी बघायला लावा. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड कोसळून हॉलिडे स्पेशल घसरली, ५१ माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडच्या बाजूला मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. तेव्हापासून पावसाळ्यातली गस्त हा या लाइनचा कणा आहे. डोंगर कापून काढलेल्या कटिंगमधून रात्रभर चालत दरडी बघणारा माणूस म्हणजे ट्रॅक मेंटेनर. वीर-माणगावमधली काळ नदी, सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रं आहेत, पर्जन्यमापक आहेत, जोराच्या पावसात दिसेनासं झालं की गाड्या ताशी ४० किलोमीटरवर आणायचा हुकूम आहे. पण डोंगरातून सुटलेला धोंडा रुळावर पडलाय हे पहिल्यांदा बघायला अजून माणूसच लागतो. रेल्वेतल्या या पातळीच्या भरतीत शारीरिक चाचणी असते: मुलांना ३५ किलो वजन घेऊन दोन मिनिटांत १०० मीटर आणि मग वजनाशिवाय सव्वाचार मिनिटांत एक किलोमीटर धावणं, मुलींना वजन २० किलो आणि एक किलोमीटर धावायला ५ मिनिटं ४० सेकंद. वजन मध्ये खाली ठेवलं की संपलं.

तुमची जमीन गेली आहे, याचा फायदा खरा आहे. लाइनसाठी चाळीस हजारांच्या वर खातेदारांची जमीन गेली, आणि भरतीत पहिलं प्राधान्य या प्रकल्पग्रस्तांना असतं. २०२४ च्या भरतीत अर्जच मुळी महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकच्या उमेदवारांपुरते होते, वय १८ ते ३६. प्रकल्पग्रस्तांनंतर रोजगार कार्यालयात नोंद असलेल्यांचा नंबर, म्हणून ती नोंदही चालू ठेवा, ती फुकट होते. मात्र प्राधान्य म्हणजे नोकरीचा हक्क नव्हे. परीक्षा पास व्हावीच लागते. कुटुंबातल्या कुणाकुणाला धरतात हे जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते शब्दन् शब्द वाचा. मुलगा, मुलगी, नातू, पुतणी यांच्यात फरक पडतो. तुमच्या पुतणीसाठी जमीन कुणाच्या नावावर होती हेच निर्णायक ठरणार. आजोबांच्या नावावर होती की तुमच्या एकट्याच्या?

बहुतेकांचं घोडं कागदांवर अडतं. संपादनाच्या निवाड्याची प्रत, तेव्हाचा सातबारा, फेरफार, वारस नोंद आणि नावातला फरक. निवाड्यात "शांताराम बाळा", शाळेच्या दाखल्यावर "शांताराम बाळकृष्ण" आणि आधारवर आणखी तिसरंच. अर्जाची मुदत तीन-चार आठवड्यांची असते आणि भूसंपादन कार्यालयातून जुना कागद निघायला त्याहून जास्त लागतात. जाहिरात येण्याची वाट बघत बसलात तर वेळ गेली.

फक्त कोकण रेल्वेवर मात्र भिस्त ठेवू नका. इथे गुड्स ट्रेन मॅनेजरच्या ५ जागा निघाल्या त्याच सुमारास रेल्वे भरती मंडळाच्या पदवीधर भरतीत त्याच पदाच्या ३,१४४ जागा होत्या आणि स्टेशन मास्तरच्या ९९४. अभ्यासक्रम जवळजवळ तोच, परीक्षा मराठीतून देता येते. मुलाने मुंबई मंडळाचा अर्ज भरावा आणि कोकण रेल्वेचा निघाला की तोही. दादरी ते न्हावा शेवा या मालवाहू मार्गाचं डीएफसी महामंडळही वेगळी भरती काढतं, आणि तिथे तर धंदाच निव्वळ मालगाड्यांचा. कोकण रेल्वे बाहेरची बांधकामंही घेते, काश्मीरमधला चिनाबचा पूल तिच्याच देखरेखीखाली उभा राहिला. अशा कामांसाठी इंजिनिअर-टेक्निशियन कंत्राटावर थेट मुलाखतीने घेतात. अनुभव चांगला मिळतो, पण मुदत संपली की घरी. पदवी-डिप्लोमावाल्यांना वर्षभराची अप्रेंटिसशिपही असते, २०२४ मध्ये ती महिना आठ-नऊ हजारांची होती. कायम करण्याचं वचन तिच्यात नाही.

"साहेबांच्या ओळखीने लावतो" म्हणणारा कुणी कुडाळ-सावंतवाडीत भेटलाच तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. लेखी, अ‍ॅप्टिट्यूड, मेडिकल या तिन्हींतून कुणालाही आत ढकलता येत नाही. लाखभर रुपये घेऊन दिलेली नेमणूकपत्रं घेऊन बेलापूरच्या ऑफिसच्या दारात उभे राहिलेले आईबाप मी पाहिलेत. जाहिरात कॉर्पोरेशनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते, तिथेच अर्ज होतो.

विलीनीकरणाचंही तुमच्या कानावर आलं असेल. भारतीय रेल्वेत कॉर्पोरेशन सामील करायला महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये संमती दिली, नाव "कोकण रेल्वे"च राहावं या अटीवर. मालवाहतुकीच्या दृष्टीने मला ते बरं वाटतं, कारण दुहेरीकरणाला लागणारा पैसा या छोट्या कंपनीच्या आवाक्यातला नाही, आणि दुहेरी लाइन झाल्याशिवाय मालगाड्या वाढणार नाहीत. प्रकल्पग्रस्तांच्या प्राधान्याचं पुढे काय होणार, याबद्दल मात्र लेखी हुकूम हातात येईपर्यंत कुणाच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका. म्हणून सांगतो, निवाड्याची प्रत आणि फेरफार यांचे अर्ज या आठवड्यातच टाका, पोच घ्या. मुलाला आणि पुतणीला एकत्रच डोळे तपासायला न्या. आणि एक ट्रक रिकामा असेल त्या दिवशी कोलाडला रोरोचा रेक भरताना बघून या, भाड्याचा त्या महिन्याचा तक्ता तिथेच मिळेल.